कागद आधी की सीमा आधी?

बेळगावहून पणजीकडे जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला वाटेत कोणी ‘तुम्ही कोण, कोठले’ असे विचारीत नाही. घाट उतरला की गोवा लागतो, एवढेच त्याला ठाऊक असते. परंतु १९६१ च्या डिसेंबरापर्यंत याच डोंगररांगेवर दोन राज्यांची सरहद्द होती. लोहमार्गावर कॅसलरॉक हे अलीकडचे आणि कुळे हे पलीकडचे स्थानक होते, आणि सामानाच्या झडतीची आठवण जुन्या घराण्यांतून अजून सांगितली जाते. सरहद्द नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर कागदही नाहीसा झाला. जेथे सरहद्द आहे तेथे मात्र माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या हातातील कागदाकडे पाहिले जाते. हा कागद कोणता, तो कोणाला मिळतो, आणि ज्याला तो मिळूच शकत नाही त्याची काय गत होते, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कागद दोन प्रकारचे असतात. एक ओळखीचा आणि दुसरा नागरिकत्वाचा. ओळखीचा कागद इतकेच सांगतो की हा गृहस्थ अमुक नावाचा असून छायाचित्रातील चेहरा त्याचाच आहे. नागरिकत्वाचा कागद त्याहून मोठी गोष्ट सांगतो. हा माणूस अमुक देशाचा आहे आणि तो देश त्याला परत घेण्यास बांधलेला आहे, अशी ती हमी असते. सीमेवरील अधिकाऱ्याला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ज्याला परत पाठवावयास देशच नाही, त्याला आत घेण्यास कोणीही कचरतो.

हा भेद आपल्या नेहमीच्या यात्रेकरूंच्या उदाहरणाने चांगला समजेल. महाराष्ट्रातून, तसेच इंदूर-ग्वाल्हेरकडून, पशुपतिनाथाच्या आणि मुक्तिनाथाच्या दर्शनाला पुष्कळ मंडळी जातात. कोणी रक्सौलवरून वीरगंजला उतरतात, कोणी गोरखपूरहून सोनौलीच्या वाटेने पलीकडे जातात. भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापाराची आणि येण्याजाण्याची मोकळीक दिली. या सीमेवर भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट असलाच पाहिजे असेही नाही. परंतु ‘पासपोर्ट लागत नाही’ याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा पुष्कळांनी करून घेतलेला असतो, आणि मग ऐन वेळी धावपळ होते. भारताच्या गृहखात्याच्या नियमाप्रमाणे प्रवाशाजवळ पासपोर्ट, निवडणूक आयोगाचे छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र, अथवा सरकारी नोकराला सरकारने दिलेले ओळखपत्र, यांपैकी एक तरी असावे लागते. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील वृद्ध यांना सवलत आहे. वय आणि ओळख पटविणारा छायाचित्राचा कोणताही कागद त्यांना चालतो. २०१९ पासून या दोन गटांना आधारपत्रही चालू लागले. मधल्या वयाच्या माणसाला ते चालत नाही.

असे का, म्हणून पुष्कळजण विचारतात. घरोघरी असलेला आणि बँकेपासून शिधावाटपाच्या दुकानापर्यंत सर्वत्र मागितला जाणारा हा कागद सीमेवरच का अपुरा पडावा? कारण साधे आहे. आधारचा कायदा २०१६ चा असून आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे त्याच कायद्याच्या नवव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. भारतात काही काळ वास्तव्य केलेल्या परदेशी माणसालाही तो क्रमांक मिळू शकतो. मतदारांच्या यादीत मात्र केवळ नागरिकाचेच नाव येऊ शकते. म्हणून मतदार ओळखपत्राला सीमेवर जो मान आहे तो आधारपत्राला नाही. भूतानच्या वाटेवरही हेच दोन कागद प्रमाण मानले जातात. जयगावहून फुन्शोलिंगला पाऊल टाकणाऱ्या प्रौढ भारतीयाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावयाचे असते.

नेपाळच्या नियमांतील आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना मतदानाचा हक्क नसतो, तेव्हा मतदार ओळखपत्रही नसते. त्यांच्यासाठी ठराविक नमुन्यात शाळेच्या मुख्याध्यापकाने दिलेला ओळखीचा दाखला ग्राह्य धरला जातो. दोन स्वतंत्र राष्ट्रांच्या सीमेवर एका शाळेच्या शिक्क्याचा कागद चालतो, ही गोष्ट लहान वाटली तरी तिच्यात मोठा अर्थ आहे. सीमेवर दाखवावयाचा कागद सीमेवर तयार होत नसतो. मतदारयादीत नाव येण्यासाठी वयाचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पुढे करावा लागतो. शाळेचा दाखला शाळेच्या नोंदवहीतून निघतो, आणि नोंदवहीत मुलाचे व बापाचे नाव कोणीतरी पहिल्या दिवशी लिहिलेले असते. सीमेवरचा कागद ही या साखळीतील शेवटची कडी होय. ज्याची पहिलीच कडी निखळलेली आहे, त्याला शेवटची कोठून मिळणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. पन्नास हजारांवर माणसे याच प्रश्नात अडकून पडली होती, आणि तीही दोन पिढ्यांहून अधिक काळ. त्यांची हकीकत बंगालच्या उत्तरेस, जुन्या कूचबिहार संस्थानाच्या प्रदेशात घडली. मराठी माणसाला हे संस्थान अगदीच परके नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे ही १९१३ साली कूचबिहारच्या राजघराण्यात दिली गेली, आणि त्या संस्थानचे शेवटचे महाराज जगद्दीपेंद्र नारायण हे तिचेच पुत्र, म्हणजे सयाजीरावांचे नातू.

या कूचबिहारची जमीन एकसंध नव्हती. तिचे अनेक तुकडे शेजारच्या रंगपूर वगैरे जिल्ह्यांत विखुरलेले होते, आणि रंगपूरकडचे तुकडे कूचबिहारच्या पोटात होते. बंगालीत या तुकड्यांना ‘छिटमहल’ म्हणतात. छिट म्हणजे तुकडा, आणि महल म्हणजे आपल्याकडील महसुली ‘महाल’च. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावे पणाला लावीत आणि हरलेल्या गावाची चिठ्ठी लिहून देत, अशी एक दंतकथा तिकडे सांगतात. कथा मनोरंजक आहे. पण अभ्यासकांच्या मते खरे मूळ अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात झालेल्या तहात आहे. लढाई थांबली तेव्हा ज्याच्या ताब्यात जे गाव होते ते त्याच्याकडेच राहिले. पुढे दोनशे वर्षे त्याचा कोणाला जाच झाला नाही. सारा एका कचेरीत भरावयाचा की दुसऱ्या, एवढाच काय तो फरक होता. शेजारच्या गावच्या बाजाराला जाताना कोणी कागद मागत नव्हते.

१९४७ साली फाळणी झाली. रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले. कूचबिहार भारतात आले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. त्याबरोबर साऱ्याच्या वहीतील ती जुनी रेघ राष्ट्राची सीमा होऊन बसली. भारताचे १११ तुकडे परदेशाच्या पोटात राहिले आणि पलीकडचे ५१ भारताच्या पोटात. पहिल्यांची जमीन सुमारे १७,१६० एकर आणि दुसऱ्यांची सुमारे ७,११० एकर होती. काही तुकड्यांच्या आत पुन्हा दुसऱ्या देशाचा तुकडा असे. दहला खागराबाडी नावाचे सुमारे पावणेदोन एकरांचे एक शेत तर असे होते की, ते भारताचे, त्याच्या भोवती परक्या देशाचे गाव, त्या गावाच्या भोवती पुन्हा भारताचे छिट, आणि त्या छिटाच्या भोवती पुन्हा परका देश. जगात असे दुसरे उदाहरण नव्हते.

तरीही पहिली काही वर्षे दिवस कसेबसे निघाले, कारण पूर्वेकडील सीमेवर येणेजाणे बरेचसे मोकळे होते. पश्चिम पाकिस्तानच्या बाजूला १९४८ च्या जुलैतच परवान्याची पद्धत सुरू झाली होती. पूर्वेला ती नव्हती. १९५२ च्या ऑक्टोबरात मात्र दोन्ही देशांच्या दरम्यान सर्वत्र पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे झाले. छिटातील माणसाच्या दृष्टीने खरा पेच त्या दिवशी पडला. त्याचे घर भारताच्या भूमीवर, म्हणजे कायद्याने तो भारतीय. पासपोर्टचा अर्ज करावयाचा तर भारताच्या कचेरीत गेले पाहिजे. ती कचेरी मुख्य भूमीवर. मध्ये परक्या देशाची दोन-चार मैल जमीन. ती ओलांडावयाची तर पासपोर्ट आणि व्हिसा हवा. म्हणजे पासपोर्ट मिळविण्यासाठी पासपोर्ट जवळ असला पाहिजे! सीमा ओलांडल्याशिवाय कागद नाही, आणि कागदाशिवाय सीमा ओलांडता येत नाही. भारताच्या पोटातील ५१ छिटांत राहणाऱ्यांची स्थिती याच पेचाची दुसरी बाजू होती. १९७१ साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला; देशाचे नाव पालटले, पेच मात्र तसाच राहिला.

कायद्याचे एक अक्षर पाळावयाचे ठरविले असते तर या माणसांना आपल्या शेताच्या बांधाबाहेर पाऊल टाकता आले नसते. मीठ आणावयास बाजारात जाणे हाही परदेशप्रवास होता, आणि तो विनापरवाना केल्याबद्दल परकीय नागरिकांच्या कायद्याखाली अटक होऊ शकत होती. काहींना ती झालीही. ज्या देशाची जमीन, त्या देशाचे पोलीस, डॉक्टर, तलाठी आणि शिक्षक तेथे पोहोचू शकत नव्हते. ज्या देशाने चारी बाजूंनी वेढलेले, त्याला तेथे काही करण्याचा अधिकार नव्हता. चोरी झाली तर फिर्याद कोठे द्यावी, जमीन विकली तर दस्त कोठे नोंदवावा, मूल जन्मले तर त्याचे नाव कोणत्या वहीत लिहावे, या प्रश्नांना उत्तर नव्हते.

या सर्वांत मुलांच्या शाळेची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. कूचबिहार जिल्ह्यातील दिनहाटा भागात मशालडांगा, पोआतुरकुठी अशी बांगलादेशाची छिटे होती. तेथील बापाला मूल शिकावे असे वाटे. शाळा जवळच्या भारतीय गावात असे. पण शाळेत नाव घालताना पत्ता आणि पालक भारतीय हवा. मग ओळखीच्या एखाद्या भारतीय गृहस्थाला विनवून, कधी पैसे मोजून, त्याचे नाव बाप म्हणून लिहिले जाई. खरा बाप काका होऊन शाळेच्या दाराशी उभा राहत असे. प्रसूतीसाठी रुग्णालयात गेलेल्या बाईलाही पतीच्या जागी परक्याचे नाव सांगावे लागे. पलीकडे बांगलादेशात असलेल्या भारतीय छिटांतूनही खोट्या पत्त्यांवरच शिक्षण चाले. हे लोक लबाड होते असे कोणाला म्हणता येईल? खरे बोलले तर मूल निरक्षर राहते आणि खोटे बोलले तर शिकते, असा प्रसंग राज्यांनी त्यांच्यावर आणला होता. परंतु खोटे, मग ते कितीही अगतिकतेने लिहिलेले असो, एकदा वहीत गेले की त्याची फळे पुढे आल्याशिवाय राहत नाहीत. ते पुढे येईलच.

हा गुंता सोडविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १० सप्टेंबर १९५८ रोजी पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात छिटांच्या अदलाबदलीचा करार झाला. भारताची भूमी दुसऱ्या देशाला द्यावयाची तर घटनेत दुरुस्ती केली पाहिजे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली दिले. त्याप्रमाणे त्याच वर्षी घटनेची नववी दुरुस्ती झाली, पण अदलाबदल झाली नाही. पुढे १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी नवा करार केला. बांगलादेशाने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. भारताच्या संसदेपुढे मात्र तो वर्षानुवर्षे आला नाही. याच करारात दहग्राम-अंगरपोता हे मोठे छिट बांगलादेशाकडे राहावे आणि त्याला मुख्य भूमीशी जोडणारी ‘तीन बिघा’ नावाची १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद पट्टी भारताने वाटेसाठी द्यावी, असे ठरले होते. ती वाट प्रत्यक्षात खुली व्हावयास २६ जून १९९२ हा दिवस उजाडला, आणि तीही दिवसा, तासातासाच्या आळीपाळीने. अहोरात्र खुली झाली ती २०११ साली. कराराप्रमाणे तेवढ्या वाटेवर बांगलादेशी माणसाला पासपोर्ट लागत नाही. दोन राष्ट्रांनी मनावर घेतले तर कागदाची अट शिथिल करता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्याला लागलेला काळ मात्र विसरण्याजोगा नाही.

शेवटी २०११ च्या जुलैत दोन्ही देशांनी मिळून छिटांतील माणसांची गणती केली. भारताच्या छिटांत ३७,३३४ आणि बांगलादेशाच्या छिटांत १४,२१५ माणसे भरली. २०१५ च्या मे महिन्यात संसदेने घटनेची शंभरावी दुरुस्ती संमत केली, आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटांची अदलाबदल झाली. माणसांना घरे सोडावी लागली नाहीत. जमिनीचा देश तेवढा बदलला. ज्याला आपले जुने नागरिकत्व हवे असेल त्याने तसे कळवावे, अशी मुभा होती. भारतातील छिटांमधून बांगलादेशात जावयास कोणीच निघाले नाही. बांगलादेशातील छिटांमधून सुमारे नऊशे माणसे त्या वर्षीच्या नोव्हेंबर अखेरपर्यंत भारतात आली, आणि दिनहाटा, मेखलीगंज व हल्दीबाडी येथील छावण्यांत उतरली. जन्मापासून भारतीय असलेल्या या लोकांनी भारताची मुख्य भूमी कायदेशीर कागद हाती घेऊन गाठली ती तेव्हा.

येथेही कागदाचा नियम सुटला नाही. नागरिकत्व निवडण्याची मुभा २०११ च्या गणतीत नाव असलेल्यांना आणि त्यांच्या पुढे जन्मलेल्या मुलांना होती. गणतीच्या दिवशी जो मजुरीसाठी बाहेरगावी गेलेला होता, किंवा ज्याचे नाव लिहावयाचे राहून गेले, त्याची गणना त्या यादीत नव्हती. तसेच शाळेसाठी उसना घेतलेला बापही आता आडवा आला. दाखल्यावर एक बाप आणि मतदारयादीत दुसरा, अशी तरुण मुले नोकरीचा अर्ज करताना अडू लागली. देश मिळाला, पण नाव दुरुस्त करून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजविणे त्यांच्या वाट्याला आले.

गोव्यातील आणि बेळगावकडील मंडळींना या हकीकतीचा एक धागा जवळचा वाटेल. एखादा प्रदेश भारतात आला तर तेथील कोणती माणसे नागरिक समजावी, हे केंद्र सरकारने आदेशाने ठरवावे, असे १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याचे सातवे कलम सांगते. गोवा मुक्त झाल्यावर २८ मार्च १९६२ रोजी याच कलमाखाली आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो गोवा, दमण वा दीव येथे जन्मला, किंवा ज्याचे आईबाप अथवा आजाआजी यांपैकी कोणी तेथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक ठरला. ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. पुढे अर्धशतकानंतर छिटमहलांतील १४,८६४ माणसांना नागरिकत्व मिळाले तेही प्रदेश समाविष्ट झाल्याच्या याच न्यायाने. दोन्ही ठिकाणी कायदा एकच होता. गोव्यात मात्र जन्माच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या वह्यांतून जपलेल्या होत्या, म्हणून आजोबांचे जन्मगाव दाखविणे नातवाला शक्य झाले. छिटांत वहीच नव्हती. तेथे गणतीच्या यादीवर सारे अवलंबून राहिले.

यातून घ्यावयाचा बोध मोठा तात्त्विक नाही, तो रोजच्या व्यवहारातला आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत, शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट इत्यादी कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरावा, असे कायद्याने ठरले आहे. तरी कित्येक घरांत बारशाचा थाट होतो आणि नोंदीचे काम ‘पुढे पाहू’ म्हणून राहते. कोणी शाळेत नाव घालताना सोयीची जन्मतारीख सांगतो. कोणी आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे लिहू देतो. वीस वर्षांनी मुलगा परदेशी निघतो, किंवा म्हातारे आईबाप काठमांडूला जावयाचे ठरवितात, तेव्हा हे सारे उघडे पडते.

छिटमहलांतील बापाला खरे नाव लिहून घेणारी वही मिळाली नाही, म्हणून त्याला खोटे लिहावे लागले. आपल्या गावात ग्रामपंचायतीची कचेरी आहे, नगरपालिका आहे, शाळा आहे. तेथे बसलेला कारकून किंवा शिक्षक मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि तारीख विचारतो, तेव्हा मागे रांग लागलेली असली तरी त्याने ते दोनदा विचारावे, आणि पालकाने लिहिलेले एकदा वाचून पाहावे. एवढ्याला दोन मिनिटे पुरतात, आणि त्या मुलाला पुढे कोणत्याही सीमेवर आपले खरे नाव सांगता येते.